दिनविशेष : ६ डिसेंबर
बहारीनमध्ये मुंबईकराची बाजी

६ डिसेंबर २०२०, रविवार. बहारीनच्या साखीर सर्किटवर मुंबईच्या जेहान दारूवालाने ‘फॉर्म्युला टू’ या मोटार शर्यत मालिकेतील स्प्रिंट, म्हणजे छोट्या पल्ल्याची शर्यत जिंकली. ही कामगिरी करणारा तो पहिला भारतीय. प्रतिस्पर्धी मिक शूमाकर आणि डॅन टिक्टम यांच्याशी चाकाला चाक भिडवून त्याने आघाडी घेतली. त्याच दिवशी मालिकेचे अजिंक्यपद पटकावणाऱ्या शूमाकरला मागे टाकल्याने या विजयाचे मोल अधिक. कार्टिंग, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि २०२४ मध्ये विजेवरची फॉर्म्युला ई, प्रत्येक गाडी तो शिकून घेत गेला. आपल्याकडेही बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या सावलीत जेहानसारखीच इंजिनांचा नाद लागलेली मुले कमी नाहीत. पालघर जिल्ह्यात त्यांच्यासाठी एखादा सुरक्षित कार्टिंग ट्रॅक उभारावा.