काचीगुडा–मनमाड लोहमार्ग

तेलंगणातील हैदराबाद शहर आणि महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील मनमाड जंक्शन यांना जोडणारा रेल्वेमार्ग. लांबी सुमारे ६२० किमी. जुन्या गॅझेटिअरांत ती ३९१ मैल, म्हणजे ६२९ किमी. भरते, मापनाचे टोक हैदराबादेत कोठे धरले, यावर हा फरक अवलंबून असावा. मूळ नाव ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. बांधणी मीटरमापी, आता संपूर्ण मार्ग रुंदमापी आहे. मराठीत स्थानकाचा उच्चार ‘काचीगुडा’ असा रूढ आहे. रेल्वेच्या पाट्यांवर व वेळापत्रकात ‘काचेगुडा’ असे छापलेले आढळते. दोन्ही एकच.

मार्ग : काचीगुड्याहून गाडी सीताफळमंडी, सिकंदराबाद किंवा मलकाजगिरी, बोलारम, मेडचल या मार्गाने शहराबाहेर पडते आणि कामारेड्डी, निजामाबाद असा उत्तरेचा रोख धरते. बासर येथे गोदावरी ओलांडल्यावर थोड्या वेळात धर्माबाद लागते व महाराष्ट्र सुरू होतो. पुढे उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, बदनापूर, छत्रपती संभाजीनगर (जुने औरंगाबाद), दौलताबाद, लासूर, रोटेगाव, नगरसोल, अंकाई व मनमाड. यांपैकी मानवत रोड व रोटेगाव ही स्थानके ज्या गावांसाठी आहेत ती मानवत व वैजापूर ही गावे रुळांपासून दूर आहेत. ‘रोड’ हा शब्द ज्या स्थानकाच्या नावात आला, तेथे उतरून पुढे टांगा, बैलगाडी वा एस्टी पाहावी लागते, हे मराठवाड्यातील प्रवाशाला सांगावे लागत नाही.

नाव गोदावरी खोऱ्याचे असले, तरी मनमाडकडून येताना निम्म्याहून अधिक वाट नदीच्या बरीच उत्तरेकडून जाते. नदी खऱ्या अर्थाने जवळ येते ती नांदेडला. मांजरा नदी कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. रेल्वेचा पूल त्या संगमाच्या खाली, बासरजवळ आहे. त्यामुळे मांजरेवर वेगळा पूल बांधावा लागला नाही. पुलापलीकडील बासरचे सरस्वतीचे देऊळ अक्षरारंभासाठी प्रसिद्ध असून नांदेड-धर्माबादकडची मराठी कुटुंबेही मुलांना पाटी-पेन्सिल घेऊन येथे आणतात.

इतिहास : निजामाच्या राज्यात रेल्वे आली ती वाडी–सिकंदराबाद या रुंदमापी फाट्याने (१८७४). ती मुंबई–मद्रास मार्गास जोडलेली असल्याने तिचा उपयोग मुख्यतः राजधानीला झाला. राज्याचा मराठी भाग कोरडाच राहिला. १८८३ मध्ये रेल्वे लंडनच्या कंपनीकडे सोपवून भांडवलावरील व्याजाची हमी राज्याने द्यावी, अशी योजना पुढे आली. रूळ चांद्यापर्यंत (आजचे चंद्रपूर) न्यायचे असल्याने ती ‘चांदा रेल्वे योजना’ म्हणून ओळखली जाते. करार प्रजेपुढे ठेवावा, अशी मागणी हैदराबादेतील सुशिक्षितांनी केली. त्यांत सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. त्यांना राज्याबाहेर घालविण्यात आले. हैदराबाद संस्थानातील पहिली राजकीय चळवळ म्हणून हिची नोंद करावी लागते, आणि ती रेल्वेवरून झाली ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. या व्यवहारातून ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी उभी राहिली. तिच्या नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द त्या व्याजाच्या हमीचा.

मनमाडचा मार्ग याच कंपनीच्या काळात १८९९ ते १९०१ या वर्षांत टप्प्याटप्प्याने खुला झाला. मराठवाड्यात ती मोठ्या दुष्काळाची वर्षे होती. औरंगाबाद, जालना व बोलारम या हैदराबाद काँटिंजंट फौजेच्या छावण्या मार्गावरच पडल्या. हिंगोलीची छावणी बाजूला राहिली; तेथे पूर्ण्याहून १९१२ मध्ये फाटा गेला. पुढे परभणीहून परळी वैजनाथ, मुदखेडहून आदिलाबाद आणि निजामाबादजवळच्या जानकमपेटहून बोधन असे फाटे फुटले. बोधनचा फाटा साखर कारखान्यासाठी होता.

१९३० मध्ये राज्याने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली व ती ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ झाली. जून १९३२ मध्ये याच रेल्वेने २७ गाड्या व १६६ कर्मचारी यांच्यावर बससेवा सुरू केली. तेलंगणाच्या आजच्या राज्य परिवहन महामंडळाचा उगम तेथे आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. १९५१ मध्ये रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाल्यावर तिच्याकडे आली.

मराठी माणसाच्या दृष्टीने या मार्गाचे महत्त्व वेगळेच आहे. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबाद होती. वरचे न्यायालय तेथे, मोठी कचेरी तेथे, आणि १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठही तेथेच. औरंगाबादला विद्यापीठ निघाले १९५८ मध्ये. तोवर परभणी-नांदेडची अनेक मुले पदवीसाठी वळकटी बांधून काचीगुड्याची गाडी धरत. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीची ठिणगी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत पडली, म्हणजे या मार्गाच्या दोन्ही बाजूंस. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ मध्ये उभारलेली विवेक वर्धिनी शाळा हैदराबादेत मराठीचे घर ठरली. काचीगुडा स्थानकाच्या आसपासच्या काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, गौलीगुडा या मोहल्ल्यांत मराठी बिऱ्हाडे दाटली, त्याचे कारण नकाशात रुळांवर बोट ठेवले की दिसते. राज्यपुनर्रचनेने राजधानी मुंबईकडे फिरविली. ही बिऱ्हाडे मात्र तेथेच राहिली.

काचीगुडा स्थानक : या नोंदीत इमारतीला जागा जास्त जाते, पण ती तशीच आहे. गुडा म्हणजे तेलुगूत पाडा वा वस्ती. उत्तरेकडून आलेल्या काची (काछी) लोकांच्या वस्तीवरून नाव पडले, असे सांगतात. सध्याची इमारत १९१६ ची, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील. तिचा वास्तुकार व्हिन्सेंट एश. हैदराबादचे उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय ही त्याचीच कामे. मधला मोठा घुमट, दोन्ही अंगांना लहान घुमट, सोबत मिनार आणि खाली टोकदार कमानी, अशी ही मांडणी आहे. समोरच्या आवारात उभे राहून पाहिले, तर हे ठिकाण तिकिटे विकण्याचे आहे हे पटत नाही. नबाबाच्या देवडीत शिरल्यासारखे वाटते. निजाम रेल्वेचे मुख्यालय काही काळ येथे होते. नामपल्ली हे स्थानक रुंदमापी गाड्यांचे, तर काचीगुडा मीटरमापीचे, अशी शहरात वाटणी होती. स्थानकात रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी येथे लोकल गाडी एक्सप्रेसवर आदळून लोकलच्या चालकाचा मृत्यू ओढवला.

रुंदीकरण : मनमाडला मध्य रेल्वेचे रूळ १,६७६ मिमी. अंतराचे व निजामाचे १,००० मिमी. अंतराचे. त्यामुळे या मार्गावरून मनमाडपलीकडे जाणारा प्रत्येक माणूस व प्रत्येक गाठोडे मनमाडला उतरून पुन्हा चढत असे. कापसाच्या गाठी, धान्याची पोती हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात. अनेकांचे पोट त्यावर चाले. व्यापाऱ्याचा मात्र खर्च व खोळंबा दोन्ही होत. रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याच्या विकासाच्या आंदोलनांतून वर्षानुवर्षे होत राहिली. गोविंदभाई श्रॉफ व मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती लावून धरली. मनमाडकडील भाग १९९० च्या दशकात आणि मुदखेडपासून हैदराबादकडचा भाग त्यानंतरच्या दशकात रुंद झाला. पूर्णा–अकोला हा मार्ग २००८ मध्ये रुंद झाल्याने काचीगुड्याहून विदर्भात थेट जाता येऊ लागले. मीटरमापीच्या काळातील काचीगुडा–मनमाड ‘अजिंठा एक्सप्रेस’ या मार्गाची ओळख होती. नाव रुंदीकरणानंतरही टिकले. १ एप्रिल २००३ पासून मराठवाड्यातील बहुतेक मार्ग नांदेड विभागात मोडतो. विभागाचे झोन-मुख्यालय सिकंदराबादलाच असल्याने तो मध्य रेल्वेस जोडावा ही मागणी अधूनमधून होते.

आर्थिक : कापूस, ज्वारी, हळद (निजामाबाद), मिरची (धर्माबाद), कांदा (नगरसोल) यांची वाहतूक. जालना येथे पोलाद व बियाण्यांचे उद्योग आहेत.

लोकसंख्या (२०११) : औरंगाबाद ११,७५,११६, नांदेड ५,५०,४३९, निजामाबाद ३,११,१५२, परभणी ३,०७,१७०, जालना २,८५,५७७.

प्रेक्षणीय स्थळे : वेरूळ व अजिंठा येथील लेणी, देवगिरीचा किल्ला, अंकाई-टंकाईची किल्लेजोडी व तेथील जैन लेणी, नांदेडचा तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारा, बासर. शिर्डीच्या तेलुगू भाविकांमुळे नगरसोल हे एके काळचे आडस्थानक आता गजबजलेले असते. काचीगुडा–नगरसोल गाडी मनमाडपर्यंत जातच नाही. ती नगरसोलला संपते आणि बहुतेक प्रवासी तेथून रस्त्याने शिर्डीला जातात.