हास्केल भाषेतील प्रायोगिक ब्लॉकचेन

ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या गटांची अशी साखळी, की जिच्यातील प्रत्येक गट आपल्या आधीच्या गटाचा ठसा स्वतःजवळ बाळगतो. रोजकीर्दीत मागील पानाची बेरीज पुढील पानाच्या माथ्यावर ओढली जाते. मधला एखादा आकडा बदलला, की पुढच्या साऱ्या बेरजा चुकतात. मात्र दोन खाडाखोडी करून बेरीज जुळवता येते. ब्लॉकचेनमध्ये बेरजेच्या जागी ‘हॅश’ असतो. ‘एसएचए-२५६’ ही पद्धत कोणत्याही मजकुराचा २५६ बिटांचा, म्हणजे ६४ षोडशमान अंकांचा ठसा देते. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी तो ठसा पूर्णपणे पालटतो आणि ठरवून जुळवता येत नाही.

ही रचना समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ती स्वतः लिहून पाहणे. त्यासाठी फलनाधारित भाषा सोयीच्या ठरतात. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव लाभलेली, १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली हास्केल ही त्यांपैकी एक. ‘कार्डानो’ या ब्लॉकचेनसाठीही मुख्यतः तीच वापरली गेली. या भाषेत एकदा दिलेले मूल्य बदलत नाही. नवा गट जोडला तरी जुनी यादी जशीच्या तशी राहते आणि तिच्या पुढे एक गट लावलेली नवी यादी मिळते. ब्लॉकचेनला अभिप्रेत असलेली अपरिवर्तनीयता अशा रीतीने भाषेच्या स्वभावातच असते.

प्रयोगासाठी गटात पाच बाबी पुरतात: अनुक्रमांक, वेळ, मजकूर, मागील गटाचा हॅश आणि ‘नॉन्स’ नावाचा एक पूर्णांक. हॅश चार शून्यांनी सुरू झाला पाहिजे, असा नियम घालावा. तो पाळणारा नॉन्स शोधण्याला ‘मायनिंग’ म्हणतात. हास्केलमध्ये शून्यापासून सुरू होणारी अनंत यादी लिहिता येते. भाषा तिच्यातील गरजेपुरतेच आकडे तपासते आणि पहिला योग्य आकडा सापडताच थांबते. त्यासाठी सरासरी १६ चा चौथा घात, म्हणजे ६५,५३६ प्रयत्न लागतात. शून्यांची संख्या एकाने वाढवली, की श्रम सोळापट होतात.

पडताळणीचे फलन लागोपाठच्या दोन-दोन गटांवरून फिरते. मागील गटाचा हॅश नव्याने काढून तो पुढील गटातील नोंदीशी ताडून पाहते. शिवाय प्रत्येक हॅश शून्यांचा नियम पाळतो का, हेही तपासते. तीन गटांच्या साखळीत दुसऱ्या गटातील ५०० चे ५,००० केले, तर तिसऱ्या गटाशी दुवा तुटतो आणि फेरफार तत्काळ उघड होतो. घड्याळाची वेळ, फाइल आणि जाळ्यावरील देवाणघेवाण मात्र या शुद्ध फलनांपासून वेगळी ठेवावी लागते. त्यामुळे हिशेबाचा गाभा स्वतंत्रपणे तपासता येतो.

प्रयोगाची खरी शिकवण यापुढे आहे. फेरफार करणाऱ्याने दुसऱ्या व तिसऱ्या गटांचे मायनिंग पुन्हा केले, तर साखळी पुन्हा निर्दोष दिसते. आजच्या संगणकाला ते क्षणाचे काम आहे. म्हणजे एकाच यंत्रावरील साखळी बदल टाळू शकत नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवण्यासाठी हॅशची साखळी सुचवली होती. पुढे १९९५ पासून अशा साखळीचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापला जाऊ लागला. घरोघरी गेलेला छापील अंक कोणालाही परत बोलावता येत नाही, हीच त्यामागील हमी. ३ जानेवारी २००९ रोजी पहिला गट तयार झालेल्या बिटकॉइनने तीच हमी असंख्य संगणकांवरील प्रती आणि मायनिंगचे प्रचंड सामूहिक श्रम यांतून साधली. तरीही मुळात खोटी असलेली नोंद कोणताही हॅश खरी करू शकत नाही. सरकारी दफ्तरे ब्लॉकचेनवर नेण्याची चर्चा होते, तेव्हा प्रती कोणाकोणाकडे राहणार आणि पहिली नोंद कोण तपासणार, हे दोन प्रश्न म्हणूनच आधी विचारायला हवेत.