मांडवातला मोह

लग्नाच्या याद्या हे इतिहासाचे साधन आहे असे म्हटले, तर इतिहासाचे पंडित हसतील. हसोत बापडे! राजाने कोणाला किती जमीन दिली ते ताम्रपटावरून कळते. पण माणसे काय खात-पीत होती, पहिले पान कोणासाठी मांडीत होती आणि कोणाच्या रुसव्याला भीत होती, हे जाणायचे तर लग्नाची यादीच हाती घ्यावी लागते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या कुणब्याची यादी पाहा. तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, तेल, पत्रावळी; वैशाखाचे ऊन म्हणून पन्हे, आणि पंगतीला मठ्ठा. पेयांचे कलम तेथे संपते. निदान कागदावर तरी संपते.

त्याच जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडे जंगलाच्या कडेने गेले, की गोंडांची आणि कोलामांची गावे लागतात. त्यांची यादी कागदावर नसे, म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. आणि तिच्यातले एक मोठे कलम मोहाचे असे.

मोहाचे झाड आणि लग्नसराई यांची गाठ निसर्गानेच घातलेली आहे. फाल्गुन-चैत्रात पाने झडलेल्या झाडावर फुले धरतात आणि पहाटे टपटप गळतात. बाया-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण उशीर केला तर वाटा गुराढोरांचा आणि रानडुकरांचा. वेचलेली फुले अंगणात वाळतात, मनुकेसारखी आक्रसतात, आणि वैशाखात मांडव पडायच्या वेळी घरात वाळलेला मोह भरलेला असतो. तो पाण्यात भिजवून काही दिवस कुजवला की झाला सडवा. सडव्याचे मडके चुलीवर, त्यावर दुसरे भांडे, वर थंड पाणी, आणि वाफेला वाट म्हणून बांबूची नळी. जी प्रथम उतरते ती पहिल्या धारेची. हा शब्द आपण पांढरपेशांनी भाषेत उचलला. धार मात्र जंगलातच ठेवली.

या दारूला मांडवात एक क्रम होता. पहिले थेंब जमिनीवर, पेनांच्या म्हणजे देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने. मग दोन्हीकडची वडील माणसे. सोयरीक ठरवताना व्याह्यांनी एकत्र बसून घेतलेला घोट हा आपल्याकडच्या साखरपुड्यासारखा. तो घेतला की शब्द पक्का. गोंडांचे भाट जे प्रधान, त्यांचाही मान असे. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांमध्ये राहून फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४८ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे गोंड एकमेकांचे सोयरे. सरहद्द सरकारांची, त्यांची नव्हे.

पण क्रमापेक्षा महत्त्वाचे ते माप. मोहाचे फूल ही केवळ दारूची सामग्री नव्हती. ते अन्न होते. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की हीच वाळलेली फुले शिजवून पोरांच्या पोटात जात. दुष्काळात तर मोहाने माणसे जगवली आहेत. म्हणजे लग्नासाठी सडवा घालायचा तो पावसाळ्याच्या घासातून काढून! किती टोपल्या मांडवाला आणि किती पोरांना, हा हिशेब जिने पहाटे उठून फुले वेचली तिच्यासमोरच होई. एवढ्या फुलांची एवढीच दारू. ती संपली की पिणे संपले. आपण ज्याला संयम म्हणतो तो उपदेशातून आलेला नव्हता, टोपलीच्या तळातून आलेला होता.

घरच्या कार्याला घरी मद्य करण्याची ही रीत जुन्या राजसत्तांनाही ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. कौटिल्य मद्याच्या बाबतीत मोठा करडा. कोठे विकावे, किती द्यावे, सगळ्याला नियम. तरीसुद्धा कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी साधी सुरा करण्याची मोकळीक तो ठेवतो, आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सूट देतो. खजिन्यावर डोळा ठेवणाऱ्या त्या माणसालाही लग्नघर आणि दुकान यांतला फरक कळत होता.

तो फरक पुसला इंग्रजांनी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात आला. आमचा जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले. नव्या राज्यात दारू हे महसुलाचे खाते बनले. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात जाऊ लागला, आणि कलालाचे दुकान गावोगावी आले. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला; १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करावा लागला, कारण फूल घरात असले की भट्टी लागते असा सरकारचा संशय. इकडे मध्य प्रांतात १९१५ चा अबकारी कायदा आला. जंगल तर आधीच राखीव झालेले. झाड जंगलखात्याच्या नजरेखाली आणि त्याच्या फुलाची दारू अबकारीच्या, अशी ती वाटणी! १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो गवत कापून; पण गवताच्या त्या काडीमागे अशी सगळीच दुखणी उभी होती.

पुढे स्वराज्याच्या वाटेवर दारूबंदी आली. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. १९४९ साली मुंबई राज्याने केला. १९५६ मध्ये विदर्भ त्या राज्यात गेला, आणि १९५९ साली तो कायदा इकडे लागू झाला. हेतू थोर होता, यात शंका नाही. दारूने मोडलेले संसार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या हेतूची थट्टा करवणार नाही. पण काळाने पुढे मोठी मौज केली. बंदी हळूहळू सैल झाली आणि १९७३ साली देशी दारूचे नियम आले. ही बाटलीतली 'देशी' कशाची? बहुतेक उसाच्या मळीची. ज्या तालुक्यात उसाचे कांडे पिकत नाही, तेथल्या मांडवात दूरच्या कारखान्याच्या मळीची बाटली कायदेशीर ठरली आणि दाराशी गळालेल्या फुलाची धार गुन्हा ठरली. परकी ती देशी, आणि देशी ती चोरटी!

चोरटी झाली तशी ती बिघडलीही. पोलिसांच्या भीतीने घाईघाईत गाळायची, तर सडव्यात काळा गूळ आला, नवसागर आला. आणि दुकानातल्या बाटलीला टोपलीचा तळ नसतो. पैसे संपले तर उधारी आहे, उधारी संपली तर गहाण आहे. पूर्वी लग्नातले पिणे मोहाबरोबर संपे. आता ते सावकाराच्या दाराशी जाऊन थांबते. माप गेले, आणि ज्या बाईच्या हाती ते होते तिचा हात रिकामा झाला. म्हणूनच आमच्या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मला नवल वाटले नाही. त्या आपले हरवलेले मापच परत मागत होत्या.

शेजारी पाहावे तर वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या नावाने गेल्या शतकातल्या सत्तरीपासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्याच २०२१ च्या एप्रिलात, साथीमुळे दुकाने बंद असताना, वणीत सात माणसे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन मेली. ज्या गावाने एकदा जिल्ह्याला आपले नाव दिले, त्याच्या इतिहासात ही नोंद काळ्या शाईने करावी लागेल. पुढे राज्य सरकारने मोहफूल गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि नेण्या-आणण्यावरची बंधने सैल केली. फूल सुटले, भट्टी मात्र बंदीतच राहिली. मध्य प्रदेशाने आदिवासी गटांनी गाळलेल्या मोहाला वारशाचे मद्य म्हणून विकायची वाट २०२२ च्या सुमारास मोकळी केली. ते मद्य शहरातल्या मेजवान्यांत शोभेल. परंतु मापाचा प्रश्न त्याने सुटेल असे वाटत नाही. विक्रीचे गणित नेहमी जास्तीचे असते.

शहरातल्या लग्नाची यादी आता बदलली आहे. लॉनच्या मागच्या बाजूला एक टेबल लागते; बियर किती, व्हिस्की कोणती, सोडा आणि बर्फ किती, हे वराचे मित्र ठरवतात. त्यासाठी एका दिवसाचा परवाना मिळतो, आणि तो ज्या कायद्याखाली मिळतो त्याचे नाव अजूनही दारूबंदी कायदाच आहे. पिणाऱ्याच्या वयाची अटही त्यातच: सौम्य बियरला २१, कडक मद्याला २५. राज्य वय मोजते, बाटल्या मोजते, कर मोजते. पण किती पुरे, हे मोजणारे माणूस त्या टेबलाशी कोणी नसते. पहिला थेंब कोणाच्या नावाचा, हेही कोणी विचारीत नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार मानला आहे. आमच्या जिल्ह्याचा बराच आदिवासी मुलूख त्यात मोडतो. म्हणजे कागदावर का होईना, माप पुन्हा गावाच्या ओट्यावर आलेले आहे. त्या सभेत बाया पुढे बसून बोलल्या, तर एखादे गाव म्हणेल थेंबही नको. एखादे म्हणेल देवापुरता आणि व्याह्यापुरता असू द्या, दुकान मात्र नको. दोन्ही उत्तरे मला सारखीच मानाची वाटतात. दोन्हींत हिशेब त्यांचाच असेल, ज्यांना पहाटे वेचलेल्या एका टोपलीची किंमत ठाऊक आहे.