कमानीचे पाटे आणि वळणावरची गाडी

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळी वाहणाऱ्या पिकअप गाड्या आपण रोज पाहतो. त्यांच्या मागच्या चाकांपाशी वाकून पाहिले, तर एकावर एक रचलेले पोलादी पाटे दिसतात. माल जास्त भरायचा असला की गॅरेजमध्ये सांगतात, ‘एक पाटा वाढवून द्या.’ मग भरलेली गाडी मागून बसत नाही आणि मालक खूश होतो. पण त्याच पाट्याने गाडीचे वळणावरचे वागणेही बदलते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खुद्द मोटारी बनवणाऱ्यांनाही हे नीट उमगायला 1930 चे दशक उजाडावे लागले.

कमानीमागचा नियम मात्र जुना आहे. जेवढा भार तेवढा वाक, हे रॉबर्ट हूकने 1678 मध्ये प्रसिद्ध केले. (त्याआधी दोन वर्षे त्याने तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा लपवून ठेवला होता. श्रेयाची काळजी तेव्हाही होतीच!) आपल्या साध्या बैलगाडीला कमानी नसतात, धक्का बसू नये म्हणून आपण खाली कडबा अंथरतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओबाडाया इलियटने घोडागाडीला लंबवर्तुळाकार पाट्यांच्या कमानी बसवल्या. गाडीखालचे जड लाकडी धूड त्यामुळे गेले आणि गाड्या हलक्या झाल्या. पुढे मोटार आली, तिने हेच पाटे जसेच्या तसे उचलले.

कमान किती मऊ असावी? याचे एक सोपे गणित वर्गात करता येते. भार ठेवल्यावर कमान जितकी दबते, त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते निघते. 25 सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एकदा, सव्वासहा सेंटिमीटर दबली तर दोनदा. दबणे चौपट कमी, तर हेलकावे दुप्पट. सेकंदाला एक-सव्वा हेलकावा माणसाला सोसतो.  म्हणजे मऊ कमान चांगली. मग सगळ्याच कमानी मऊ का करू नयेत?

हाच प्रश्न अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याला पडला होता. 1932 च्या सुमारास त्याने एका मोठ्या मोटारीवर वजने हवी तशी सरकवता येतील अशी सोय केली आणि माणसे बसवून प्रवास कसा वाटतो ते तपासले. त्या वेळच्या गाड्यांच्या पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा कडक असत. ऑलीला उलटे हवे होते. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची कमान थोडी कडक असेल, तर तिचे हेलकावे जलद होतात, ती पुढच्या कमानीला गाठते आणि गाडी डोलत राहत नाही. पण सलग आसावर पुढच्या कमानी मऊ केल्या की चाके थरथरू लागत. म्हणून पुढची दोन चाके एकमेकांपासून सुटी करावी लागली. 1934 च्या अमेरिकी मोटारींत ही रचना दिसू लागली.

आपल्याकडे हे दोन्ही जमाने शेजारी शेजारी नांदले. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जुळवलेल्या विलीज जीपला चारही चाकांवर पाटे आणि सलग आस होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिला पुढे सुटी चाके व गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे मात्र पाटेच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

आता वळणाकडे येऊ. गाडी वळते तेव्हा भार बाहेरच्या चाकांवर जातो. गंमत अशी की, टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून कमीच वाढते. समजुतीपुरते आकडे घेऊ. 250 किलो भाराला पकड 230, 100 ला 100 आणि 400 ला 330. दोन्ही चाकांवर 250 असेल, तर एकूण पकड 460. एकावर 400 आणि दुसऱ्यावर 100 असेल, तर 430. भार तोच, पकड 30 ने घटली. आता, गाडी कलंडू पाहते तेव्हा तिला सावरण्याचा मोठा वाटा ज्या आसाच्या कमानी कडक, तो आस उचलतो. म्हणून त्याच्या दोन चाकांतला फरक जास्त वाढतो आणि पकड तिथेच आधी सुटते. पुढची सुटली तर गाडी वळायला कंटाळते, सरळ जाऊ पाहते. चालक वेग कमी करतो आणि बहुधा निभावते. मागची सुटली तर गाडीचे शेपूट फिरते. ते सावरणे अवघड. ऑलीच्या काळात पुढच्या दोन चाकांना जोडणारा पिळाचा दांडा लोकप्रिय झाला, तो पुढच्या बाजूला हा वाटा जास्त उचलायला लावण्यासाठीच.

पिकअपचा वाढवलेला पाटा नेमका याच्या उलट काम करतो. सारख्या लांबीच्या सहा पाट्यांत सातवा घातला, तर मागची कमान साधारण एक षष्ठांशाने कडक होते. केळी उतरवून परतताना मागचा भार समजा चौथ्या हिश्शावर आला. भरलेली असताना 16 सेंटिमीटर दबणारी कमान आता चारच दबेल आणि हेलकावे सव्वावरून अडीचवर जातील. खडबडीत रस्त्यावर चाक उडते. उडालेल्या चाकाला पकड नसते. पालच्या घाटात पहिल्या पावसात, चिखल आलेल्या वळणावर मागचे शेपूट का फिरते, ते यावरून कळेल.

आमच्या मते यावर पाटेवाल्यांचा जुना तोडगाच सरस आहे. मुख्य जुडग्यापासून थोडे अंतर राखून ‘हेल्पर’ पाटे बसवायचे. गाडी रिकामी असताना ते टेकतच नाहीत. माल भरला की टेकतात आणि मगच कमान कडक होते.

वर्गात हे दाखवायला हॅकसॉची तीन जुनी पाती पुरतात. एक पाते टेबलाच्या कडेला घट्ट धरा, टोकाला वजन टांगा, वाक मोजा. मग दोन पाती, मग तीन. शेवटी तिसरे पाते बोटभर खाली, वेगळे धरा आणि वजन वाढवत जा. वजन व वाक यांचा आलेख काढला, तर तिसरे पाते ज्या क्षणी टेकते तिथे रेषा मोडलेली दिसेल. मग मुलांना बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या रिकाम्या पिकअपखाली, चालकाला विचारून, ते अंतर शोधायला सांगावे.