ओझर मिगचा थांबा

नाशिकहून पिंपळगावकडे जाणारी एसटी पकडा. दहावा मैल मागे पडला की कंडक्टर हाळी देतो, ‘मिग, मिग!’ गावाचं नाव ओझर, पण विमान कारखान्याच्या वसाहतीला सगळा तालुका ‘ओझर मिग’च म्हणतो. रशियन विमानाचं नाव निफाडच्या मातीत इतकं मुरलंय की त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. तुम्ही इथेच उतरा.

आता साठेक वर्षं मागे चला. तारीख 27 मे 1964.

रुंद महामार्ग नाहीसा होतो. अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे नांगरून तापत ठेवलेली रानं. इथे विमानाचा कारखाना यायचाय, एवढंच गावाला माहीत. दोन वाजून गेलेत. चहाच्या टपरीवर रेडिओभोवती माणसं गोळा झालीत आणि कुणीही कप उचलत नाही. नेहरू गेले. डोक्यावरचं पागोटं उतरवून मांडीवर ठेवलेले एक आजोबा तुमच्याकडे बघून म्हणतात, “पंडितजी गेले बाबा. अन् आपले साहेब तिकडं अमेरिकेत.”

साहेब म्हणजे यशवंतराव चव्हाण. 1962 च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणानंतर त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं गेलं आणि पुढच्या वर्षी पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. आज नाशिकचे खासदार वॉशिंग्टनमध्ये आहेत, शस्त्रसाहाय्याची बोलणी करायला.

तुम्हीही तिकडेच चला. तिथे अजून पहाटच आहे.

चव्हाणांच्या मागणीसाठी आपल्याच सरकारशी भांडणारा एक अमेरिकन माणूस तुम्हाला इथे भेटेल. चेस्टर बोल्स, वय 63, भारतातले अमेरिकेचे राजदूत. तरुणपणी त्यांनी भागीदारीत जाहिरातसंस्था उभारली, युद्धकाळात अमेरिकेतलं भावनियंत्रण सांभाळलं, पुढे कनेक्टिकटचे गव्हर्नर झाले. 1951 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना दिल्लीला राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा त्यांची मुलं सायकलवरून भारतीय मुलांच्या शाळेत जायची आणि राजधानीत त्याचीच चर्चा व्हायची. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात 55 ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. तिच्यामागे अमेरिकेची जी रक्कम होती, तिच्या करारात बोल्स यांचा पुढाकार होता. केनेडींनी त्यांना परराष्ट्र खात्यात दुसऱ्या क्रमांकाची जागा दिली आणि वर्षही पुरं होण्याआधी काढून घेतली. क्यूबावरच्या फसलेल्या स्वारीला त्यांचा विरोध होता. खरं बोलून जागा गमावलेला हा माणूस 1963 मध्ये पुन्हा दिल्लीत आला, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो तो याच टप्प्यावर.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाकिस्तानला अमेरिकेने स्वनातीत एफ-104 विमानं दिली, भारताला नाकारली. मग भारत मॉस्कोकडे गेला तर दोष कुणाचा? मिगचा करार 1962 मध्येच झाला होता, तरी अमेरिकेचं दार अजून किलकिलं आहे असं बोल्स मानत होते. चव्हाणांबरोबर बसून त्यांनी पाच वर्षांच्या संरक्षण-साहाय्याचा आराखडा तयार केला. त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यापुढे निर्णय व्हायची बैठक ठरली 28 मे रोजी.

27 च्या पहाटे नेहरूंच्या निधनाची तार आली.

बैठक झालीच नाही. चव्हाण तातडीने मायदेशी निघाले, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रस्क अंत्यसंस्काराला दिल्लीला गेले, आराखडा टेबलावर राहिला. जूनमध्ये साहाय्य मंजूर झालं खरं, पण त्यात लढाऊ विमानं नव्हती. ऑगस्टअखेर चव्हाण मॉस्कोला गेले. ती बैठक झाली असती तर जॉन्सन ‘हो’च म्हणाले असते, असं मी म्हणणार नाही. पण ज्याने वर्षभर एकेक आकडा जुळवला, त्याच्या मनाची त्या सकाळची अवस्था मला विसरता येत नाही.

दोन वर्षं पुढे, 1966. तुम्ही नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या रेशनदुकानासमोर रांगेत उभे आहात, हातात कापडी पिशवी. मापात अमेरिकेचा लाल गहू पडतो. कणीक मळली की पोळी चिवट होते म्हणून बायका कुरकुरतात, तरी रांग सोडत नाहीत, कारण पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलाय. जॉन्सन गव्हाची जहाजं हात आखडून, थोडी थोडी सोडतायत. आणि तो हात सैल व्हावा म्हणून बोल्स दिल्लीहून तारांमागून तारा धाडतायत. शरीर साथ देत नाही, पार्किन्सनने ग्रासलंय. पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, सप्टेंबर 1965 मध्येच, अमेरिकेने दोन्ही देशांचं लष्करी साहाय्य थांबवलंय. विमानांचा विषय संपलाय.

पण इकडे ओझरला भिंती उभ्या राहिल्यात. 1 ऑक्टोबर 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं नाव लागलंय. इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, सांगाडा ओझरला अशी कामाची वाटणी आहे. शेडमध्ये शिरा. सुटे भाग रशियाहून आलेत, खोक्यांवर रशियन अक्षरं. आयटीआय झालेला विशीतला एक पोरगा त्रिकोणी पंखाच्या कडेवर बसवलेल्या रिव्हेटवरून अंगठ्याचं टोक फिरवून बघतो. जरा जरी उंचवटा लागला तरी तो फोरमनला हाक मारतो.

बोल्स 1969 मध्ये भारतातून कायमचे गेले. 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर भारताच्या मिग-21 ने पाकिस्तानचं एफ-104 पाडलं. बोल्स तेव्हा कनेक्टिकटमधल्या आपल्या घरी होते. ओझरमध्ये दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना फाटकाबाहेर कुणीतरी पेपर मोठ्याने वाचत होतं, आणि सायकली धरून उभी असलेली माणसं ऐकत होती.