सरकारनियुक्त कामगार-प्रतिनिधी

लोअर परळमधून जाणाऱ्या ना. म. जोशी मार्गाला गिरणगावातील जुनी माणसे अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. ज्या वस्तीसाठी या गृहस्थाने आयुष्य वेचले, तिच्याच तोंडी त्याचे नाव रुळू नये, यात योगायोगापेक्षा काही अधिक असावे असे मला वाटते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. रात्रशाळा, फिरती वाचनालये, औषधोपचार असे तिचे काम होते. म्हणजे चळवळीत ते शिरले ते समाजसेवेच्या दाराने. पुढे या मूळ वृत्तीचा त्यांना उपयोग झाला आणि जाचही.

१९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. निवड अर्थातच सरकारची. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळातही ते नियुक्त सभासद होते. मिळकतीवर आधारलेल्या मताधिकारात गिरणी कामगाराला स्थान नव्हते, तेव्हा त्याचा प्रतिनिधी सरकारने नेमावा आणि त्याने सरकारपुढेच उभे राहून भांडावे, अशी ती विलक्षण व्यवस्था! तिच्यात एखादा सहज मिंधा झाला असता.

जोशी झाले नाहीत. मद्रासला बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात बिन्नी कंपनीने युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया यांना न्यायालयात खेचले होते. कामगारांना संघटित करणे हाच करारभंगाला चिथावणी दिल्याचा गुन्हा ठरू शकतो, हे त्या दाव्याने उघड केले; मनाईहुकूम निघाला आणि तडजोडीत वाडियांना युनियन सोडावी लागली. लगोलग मार्च १९२१ मध्ये जोशींनी युनियनांची नोंदणी व त्यांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव आणला. त्याचे फळ यायला पाच वर्षे लागली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनांना फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि अशा दिवाणी दाव्यांपासून बरेचसे अभय दिले. संप करणाऱ्यांच्या पुढल्या कित्येक पिढ्या, जोशींना हिणवणारेसुद्धा, या आडोशाला उभ्या राहिल्या. मात्र १९२४ साली त्यांनीच आणलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक सभागृहाने फेटाळले होते. मुंबई इलाख्याने तसा कायदा १९२९ मध्ये केला.

१९२६ साली निघालेल्या मुंबईच्या टेक्स्टाईल लेबर युनियनचे ते अध्यक्ष. हिशेब चोख, वर्गणी नियमित, तक्रारींचा पाठपुरावा शिस्तीचा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाने मात्र या चोखपणाला मागे टाकले. संयुक्त संप समितीत जोशी आणि डांगे शेजारी बसले खरे. पण गिरणगाव गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्यामागे गेला. उपाशी संपकऱ्याला अर्जाची भाषा पुरत नाही, हे जोशींना उमगले नाही असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, उमगले होते. ती दुसरी भाषा त्यांना येत नव्हती.

१९२९ च्या अखेरीस नागपूरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आयटकच्या अधिवेशनात व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला. जोशी त्या आयोगाचे सभासद! व्ही. व्ही. गिरी आदी सहकाऱ्यांसह ते बाहेर पडले आणि वेगळी फेडरेशन काढली. मंदीच्या तोंडावर झालेली ही फूट कामगारांना महाग पडली, आणि तिच्या दोषातला जोशींचा वाटा नाकारता येणार नाही. आयोगातील जागा सोडणे त्यांना सुचले असते, तर?

परंतु माणूस अढी धरणारा नव्हता. ऐक्याच्या खटपटी वर्षानुवर्षे चालल्या आणि १९४० मध्ये दोन्ही प्रवाह एकत्र आले. ज्या आयटकमधून ते उठून गेले होते, तिचेच सरचिटणीसपद त्यांनी पुन्हा पत्करले आणि १९४८ पर्यंत, बहुसंख्य कम्युनिस्ट सहकाऱ्यांच्या संगतीत, सांभाळले.