बॅकअप कशावर घ्यायचा? आधी थोडा इतिहास

पीएचडीला प्रवेश मिळाला की लवकरच एक साधा प्रश्न समोर येतो: बॅकअप कशावर घ्यायचा? एक्सटर्नल हार्ड डिस्क विकत घ्यायची, की ड्राइव्हवर टाकलं म्हणजे झालं? याचं उत्तर आपण बहुतेक वेळा किंमत बघून देतो, नाहीतर लॅबमधले सीनियर काय वापरतात ते बघून. या पोस्टमध्ये तोच प्रश्न इतिहासाच्या बाजूने बघू. पर्सनल कॉम्प्युटरवरच्या बॅकअपला साधारण चाळीस वर्षं झाली. ही वर्षं क्रमाने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी ठरावीक नुकसानीवर उत्तर म्हणून आली, आणि दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीपुढे ती दुबळीच राहिली. त्यामुळे पद्धत निवडताना विचारायचं ते एवढंच: ही मला नेमकं कशापासून वाचवते?

फ्लॉपींची चळत

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फायली फ्लॉपीवरच असायच्या, आणि बॅकअप म्हणजे एका फ्लॉपीची दुसरी फ्लॉपी करणं. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला आणि त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज एवढ्या जागेत मोबाइलचे दोन-तीन फोटो मावतात, पण तेव्हा ही मोठी जागा होती. पहिल्यांदाच माणसाचं सगळं काम एका बंद डब्यात गेलं. तो डबा बिघडला की सगळंच गेलं.

म्हणून त्याच वर्षी आलेल्या डॉस २.० मध्ये बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन कमांड होत्या. आता हिशोब करा. एका फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावतात. १० मेगाबाइटची भरलेली डिस्क उतरवायला २९ फ्लॉपी लागणार. एकेक घालायची, थांबायचं, काढायची, नंबर टाकायचा. परत मिळवताना त्याच क्रमाने पुन्हा घालायच्या, आणि मधली एखादी खराब निघाली तर अडचण.

यावर डॉसमध्ये एक हुशार सोय होती. प्रत्येक फाइलला एक छोटी खूण जोडलेली असते, तिला आर्काइव्ह बिट म्हणतात. फाइल बदलली की ही खूण लागते, बॅकअप झाला की उतरते. त्यामुळे पुढच्या वेळी फक्त बदललेल्या फायली घेता येतात. आज आपण ज्याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतो, त्याचं पीसीवरचं हे सुरुवातीचं रूप. कारण अगदी मानवी होतं: जे काम कंटाळवाणं असतं ते माणूस पुढे ढकलतो.

झिप आणि सीडी

१९९० च्या दशकाच्या मध्यावर आयोमेगा कंपनीचा झिप ड्राइव्ह आला. एका डिस्कवर १०० मेगाबाइट, म्हणजे त्या वेळच्या १.४४ मेगाबाइटच्या जवळजवळ ७० फ्लॉपींचं काम एकात. लोकांनी भराभर घेतले. मग काही ड्राइव्हमधून टिक-टिक आवाज यायला लागला आणि डिस्क वाचता येईनाशी झाली. या बिघाडाला वापरणाऱ्यांनी नावच दिलं, ‘क्लिक ऑफ डेथ’. त्यात वाईट भाग असा की बिघडलेला ड्राइव्ह आत घातलेली चांगली डिस्कही खराब करू शकत असे. म्हणजे पहिली डिस्क चालेना म्हणून तुम्ही बॅकअपची दुसरी घातली, तर तीही जायची. १९९८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला.

यातून शिकण्यासारखं काय? एकाच प्रकारच्या माध्यमावर पाच प्रती असल्या, तरी त्या माध्यमाचा दोष पाचही प्रतींना लागू होतो.

त्याच दशकात सीडीवर लिहिणं घरगुती झालं. एका सीडीवर ६५० ते ७०० मेगाबाइट. साध्या सीडी-आरवर लिहिलेलं पुसता येत नाही, आणि लोकांना ती गैरसोय वाटायची. पण हाच तिचा गुण होता. चुकून त्याच नावाची फाइल वर लिहिली गेली, व्हायरस आला, तरी सीडीवरचं तसंच राहायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागेल.

एका प्रबंधातून आलेलं साधन

आता आपल्या जवळची गोष्ट. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. ट्रिजेल तेव्हा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते, आणि आरसिंकमागचा अल्गोरिदम हा त्यांच्या १९९९ च्या प्रबंधाचा भाग आहे.

अडचण अशी होती: दोन कॉम्प्युटर लांब आहेत, मधली लाइन हळू आहे. दोन्हीकडे एकाच फाइलच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. सगळी फाइल न पाठवता फक्त फरक कसा पाठवायचा? आणि फरक काढायला तर दोन्ही फायली एका जागी लागतात! ट्रिजेल यांनी मार्ग काढला तो असा. जिथे जुनी आवृत्ती आहे, त्या कॉम्प्युटरने आपल्या फाइलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा छोटा हिशोब, म्हणजे चेकसम, दुसरीकडे पाठवायचा. दुसऱ्याने आपल्या नव्या फाइलवर एकेक बाइट पुढे सरकत तसेच चेकसम काढत जायचं. जुळलं तो भाग तिकडे आहेच, न जुळलेला तेवढा पाठवायचा. एकेक बाइट सरकताना दरवेळी सगळं पुन्हा मोजावं लागू नये म्हणून एक हलका चेकसम, आणि तो जुळला तरच खात्रीसाठी एक मजबूत चेकसम.

ही कल्पना बॅकअपसाठी फार महत्त्वाची ठरली, कारण लांबच्या जागी प्रत ठेवणं आता परवडू लागलं. लांबची प्रत का हवी हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी तळमजल्यावरच्या टेबलाखाली कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात.

आपोआप होणारा बॅकअप, आणि त्याची फसगत

ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलने टाइम मशीन आणलं. डिस्क जोडली की दर तासाला आपोआप प्रत. गेल्या २४ तासांच्या ताशी प्रती, महिन्याभराच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या. १९८३ पासूनची जी खरी अडचण होती, म्हणजे माणसाचा आळस, तिच्यावर हा चांगला उपाय होता. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स आणि २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह लोकांसाठी खुले झाले. आता प्रत आपोआप आणि लांबच्या जागी, दोन्ही.

पण इथे एक गोंधळ सुरू झाला तो आजही चालू आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. तुम्ही फोल्डर पुसलं तर तिकडेही पुसलं जाणार. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग जाते. पहिल्या वर्षाची एखादी फाइल तिसऱ्या वर्षी पुसली गेली आणि थिसिस लिहिताना पाचव्या वर्षी आठवली, तर तो महिना कधीच उलटून गेलेला असतो.

२०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर नावाचा रॅन्समवेअर पसरला तेव्हा दुसरी बाजू दिसली. तो कॉम्प्युटरवरच्याच नाही, तर जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद करायचा. कायम जोडून ठेवलेली डिस्क अशा हल्ल्यात वाचत नाही. इथे ती न पुसता येणारी सीडी आठवा. एक प्रत तरी अशी हवी जिच्यापर्यंत तुमचा कॉम्प्युटर पोहोचूच शकत नाही.

या सगळ्याचं सार एका फोटोग्राफरने मांडलं. पीटर क्रोग यांनी डिजिटल फोटो सांभाळण्यावर लिहिताना ३-२-१ हा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. २०१२ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्टने बॅकअपच्या पर्यायांवर काढलेल्या पत्रकात हाच नियम सुचवला.

बॅकअप होता, पण चालत नव्हता

३-२-१ मध्ये एक गोष्ट मात्र येत नाही. ती तीन प्रसंगांतून बघू.

१९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना एका चुकीच्या कमांडमुळे चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढायला गेले तर तो नीट झालेलाच नव्हता. वाचवलं ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीने. त्या घरून काम करत होत्या म्हणून ती प्रत तिथे होती.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीकडे प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. एक प्रोग्रॅम चुकीच्या व्हर्जनचा असल्याने रोज फेल होत होता आणि तशी सूचना देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. शेवटी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत उपयोगी पडली.

डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर तर बॅकअपच्या स्क्रिप्टनेच मूळ फायली पुसल्या. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली, काही व्हेरिएबल रिकामे राहिले आणि जुने लॉग पुसणाऱ्या ओळीने संशोधनाचा डेटा पुसला. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता.

पहिल्या दोन ठिकाणी कामाला आली ती योगायोगाने राहिलेली प्रत. अधिकृत बॅकअप परत आणून बघितला नसेल तर तो आहे की नाही हे कळतच नाही.

मग आपण काय निवडायचं?

आता नुकसानीच्या प्रकारानुसार बघा.

- डिस्क बिघडणं: गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला बिघडणाऱ्या डिस्कचं प्रमाण पहिल्या वर्षी १.७ टक्के होतं, तीन वर्षं जुन्या डिस्कमध्ये ८ टक्क्यांच्या वर. निम्म्याहून जास्त बिघडलेल्या डिस्कनी चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उपाय: एक्सटर्नल डिस्कवर दर आठवड्याला प्रत.
- स्वतःच्या हातून पुसलं जाणं: जुन्या आवृत्त्या ठेवणारी पद्धत. कोड आणि लेखनासाठी गिट, बाकीसाठी तारखेचं फोल्डर.
- आग, पाणी, चोरी: दुसऱ्या जागची प्रत. क्लाउड चालेल. संस्थेचं खातं असेल तर कोर्स संपल्यावर ते किती दिवस राहतं हे आजच विचारून ठेवा.
- रॅन्समवेअर: काम झालं की एक्सटर्नल डिस्क काढून ठेवायची. जोडून ठेवायची नाही.
- बॅकअपच फसणं: महिन्यातून एकदा दोन-तीन फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणून उघडून बघायच्या.

उपकरणातून आलेल्या कच्च्या डेटाला वेगळा नियम लावा: मिळाल्या दिवशी तीन प्रती, फोल्डर रीड-ओन्ली, आणि प्रक्रिया नेहमी वेगळ्या प्रतीवर. आलेख पुन्हा काढता येतो, पण संपलेल्या सॅम्पलचं मोजमाप पुन्हा घेता येत नाही.

आपल्याकडे पूर्ण झालेला प्रबंध शोधगंगावर जातो आणि तिथे तो सांभाळला जातो. पण तिथे पोहोचेपर्यंतची चार-पाच वर्षं, त्यातले अर्धवट ड्राफ्ट, कच्चा डेटा, हे सगळं तुमच्याच भरवशावर असतं. तहान लागल्यावर विहीर खणून भागणार नाही. नवी डिस्क घ्यायच्या आधी, आज असलेल्या बॅकअपमधून एक फाइल परत आणून उघडते का ते बघा.